थंडीत बाळाला फिरायला नेलं की रडतं, मान घामेजते, तरी हात गारच : नेमकं काय तपासायचं

दिवाळी आटोपून जरा गारठा पडायला लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. नणंद विचारते, सोसायटीतली नवी बाळंतीण विचारते, आयर्लंडमधली मामेबहीण रात्री-अपरात्री व्हॉइस नोट पाठवते. बाळ घरात एकदम मजेत असतं, सकाळी जरा कोवळ्या उन्हात फिरवून आणू म्हणून नीट गुंडाळून खाली नेलं की दहा-पंधरा मिनिटांत किरकिर सुरू, मग लालबुंद होऊन रडणं, घाईघाईत वर आणून कपडे काढावेत तर मान ओली, पाठ दमट आणि हाताचे पंजे मात्र गार. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच की बघ, गारठलं बिचारं, आणि दुसऱ्या दिवशी अजून एक स्वेटर चढतो, आणि त्या दिवशी बाळ अजून लवकर रडतं. हे असं महाशिवरात्रीपर्यंत चालतं, मग थंडी शिव शिव म्हणत निघून जाते आणि प्रॉब्लेम आपोआप सुटतो, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात उगवायला.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या इकडच्या थंडीत असं रडणारं बाळ बहुतेक वेळा गारठलेलं नसतं, त्याला उकडत असतं. खरोखर गारठणारी बाळंही असतात, त्यांच्याबद्दल खाली लिहितेय आणि तो भाग कृपया वगळू नका, पण पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं, नीट दूध पिणारं बाळ असेल तर पहिला संशय जास्त कपड्यांवर घ्यायचा.

आम्ही नाशिकचे, त्यामुळे थंडीला कमी लेखतेय असं समजू नका. इथे डिसेंबर-जानेवारीत पेपरात रोज निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो, कधीकधी तो ५-६ अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि द्राक्षवाले शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण हा आकडा पहाटेचा असतो हो! सकाळी सात वाजता १०-११ अंश असलेली हवा अकरा वाजता २५ च्या आसपास जाते, नाशिक काय, पुणे काय, संभाजीनगर-नागपूर काय, घाटावरची थंडी अशीच, सावलीत स्वेटर आणि उन्हात टी-शर्ट. मोठं माणूस चालता चालता स्वेटर काढून कमरेला बांधतं. बाळाला सात वाजताच्या हिशोबाने बांधलेलं असतं आणि ते साडेनऊच्या उन्हात तसंच राहतं, बोलता येत नाही म्हणून रडतं. एवढंच असतं बऱ्याचदा.

हात कुठे लावायचा

हाताचे पंजे आणि पावलं बघून थंडी ठरवायची नाही. नवजात बाळाचं रक्ताभिसरण अजून बसत असतं, शरीर आधी छाती-पोट-डोकं सांभाळतं आणि हातापायाकडे कमी रक्त पाठवतं, त्यामुळे पंजे गार असणं, कधी थोडे निळसर दिसणं हे पहिल्या काही दिवसांत तर अगदी नॉर्मल आहे. (ओठ, जीभ किंवा तोंडाच्या आतली बाजू निळी दिसली तर मात्र ते नॉर्मल नाही, तेव्हा टोपी-स्वेटरचा विचार न करता थेट हॉस्पिटल.)

हात लावायचा तो मानेमागे, टोपडं जिथे संपतं आणि झबल्याची कॉलर सुरू होते त्याच्या मध्ये, दोन बोटं आत सरकवून पाठीच्या वरच्या भागापर्यंत. आणि पोटावर किंवा छातीवर. पण त्याआधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करा, कारण बाहेर थंडीत तुमचीच बोटं गार पडलेली असतात आणि गार बोटांना सगळंच गरम लागतं. मग कळेल. मानेमागे कोरडं आणि कोमट लागलं, काम झालं, पंजे कितीही गार असोत, काही वाढवायचं नाही. ओलसर, चिकट, गरम लागलं की एक थर कमी, तिथल्या तिथे, घरी जाऊन नाही. मान आणि पोट दोन्ही गार लागलं तर एक थर वाढवा, छातीशी घ्या आणि घराकडे वळा.

अजून एक गोष्ट, घाम दिसत नाही म्हणजे बाळाला गरम होत नाही असं नसतं. एवढ्या लहान बाळांना आपल्यासारखा भरभरून घाम येतच नाही, कपाळ आणि डोकं तेवढं जरा ओलं होतं, आणि त्यावर तर आपण टोपी घातलेली असते. तोंड लाल, श्वास नेहमीपेक्षा भरभर, डोक्याचे केस चिकटलेले, ही उकडल्याची लक्षणं. आणि उलट बाजूने, बाळ कुडकुडत नाही म्हणजे त्याला थंडी नाही असंही नाही, कारण नवजात बाळ आपल्यासारखं कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. त्याच्या खांद्यांच्या मध्ये, मानेजवळ, मूत्रपिंडांभोवती एक वेगळ्या प्रकारची चरबी असते, ती जाळून ते गरम राहतं. थंडीत वारंवार तसं करावं लागलं तर दुधातून मिळालेल्या कॅलरी त्यातच जातात आणि वजन वाढायला वेळ लागतो. म्हणून दोन्ही टोकं वाईट, पण आपल्याकडे लोक एकाच टोकाला घाबरतात.

थर मोजा, खरंच मोजा

गेल्या हिवाळ्यात नणंदेचं बाळ असंच रडत होतं, दीड महिन्याचं, तेव्हा आम्ही पलंगावर ठेवून एकेक उतरवलं. सगळ्यात वर फ्लीसचं ब्लँकेट, तेही दुहेरी घडी केलेलं. त्याच्या आत दुपटं. मग हुडी. मग कुणीतरी आत्याबाईंनी विणलेला जाड स्वेटर, तो अॅक्रिलिकचा. मग पूर्ण बाह्यांचं थर्मल, मग झबलं, मग आत बनियन. डोक्यावर टोपडं आणि त्यावर कानटोपी, पायात दोन जोड मोजे, आणि हे सगळं गाठोडं आईच्या शालीत, आईच्या अंगाला चिकटून, म्हणजे आईचीही ऊब. बनियन मागून पूर्ण दमट होतं आणि मानेच्या वळीत बारीक लाल पुरळ. जानेवारीत घामोळं! आईच्या अंगावर काय होतं तर कुर्ता आणि एक शाल.

हिशोब असा करायचा की तुम्ही स्वतः त्या हवेत शांत बसला असता, चालत नसता, तर किती कपडे घातले असते, त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. "चालत नसता" हे महत्त्वाचं आहे, कारण प्रॅम ढकलत किंवा बाळ कडेवर घेऊन चाललं की आपलं अंग तापतं आणि बाळ मात्र प्रॅममध्ये निवांत पडलेलं असतं, त्यामुळे प्रॅममधल्या बाळासाठी आपला अंदाज जरा कमी पडेल आणि छातीशी धरलं असेल तर जास्त होईल. दुहेरी घडी केलेलं दुपटं म्हणजे दोन थर, चौघडी केलेली शाल म्हणजे चार. आईची शाल, बेबी कॅरिअर, हेसुद्धा थरच, लोक ते मोजतच नाहीत.

ढोबळमानाने आम्ही जे घालतो ते सांगते, तुमच्याकडची हवा बघून कमीजास्त करा. सकाळी १२-१४ अंश असताना खाली उतरायचं असेल तर आत मऊ सुती पूर्ण बाह्यांचं झबलं आणि पायजमा, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर, कान झाकणारी एक टोपी, मोजे, आणि वरून एक दुपटं जे मी सैल पांघरते, बांधत नाही. नऊ-साडेनऊनंतर १८-२० अंश झालं की दुपटं हातात, स्वेटर पातळ. २४-२५ ला स्वेटर पिशवीत, सुती झबलं-पायजमा आणि हवं तर पातळ मलमल. मुंबई-ठाणे-कोकणात तर जानेवारीतसुद्धा सकाळी बहुतेक दिवस सुती पूर्ण बाह्या आणि पातळ दुपटं पुरतं, तिथे जाड विणलेले स्वेटर फोटोपुरते ठीक आहेत. १० च्या खाली असेल आणि वारा असेल तर सरळ जाऊच नका, थोडं थांबा, काही बिघडत नाही.

पुढून उघडणारं घ्या हे मुद्दाम लिहितेय. डोक्यातून घालायचा स्वेटर सुंदर दिसतो पण झोपलेल्या बाळाचा तो काढणार कसा, मग आळस येतो, राहू दे म्हणतो आणि बाळ उकडत राहतं. बटणांचा किंवा नाडीचा असेल तर रस्त्याकडेच्या बाकावर बसून अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. थर चढवण्यापेक्षा ते पटकन काढता येणं जास्त महत्त्वाचं, माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

अंगाला लागून सुतीच. लोकर किंवा अॅक्रिलिक थेट अंगाला टोचते, आणि फ्लीस-पॉलिस्टर घाम शोषत नाही, त्यामुळे आत ओल साचते आणि नंतर तीच ओल गार पडते. म्हणून तर "आत घाम, बाहेर गार" असं कोडं दिसतं. सुती आत आणि लोकरी बाहेर ठेवलं की हा प्रकार निम्म्याने कमी होतो.

टोपी टिकत नाही, सारखी डोळ्यांवर येते

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्वचेच्या एकूण क्षेत्रफळाचा साधारण पाचवा हिस्सा डोक्याचा, मोठ्या माणसात तो याच्या निम्मा असतो. म्हणून बाहेर गार हवेत टोपी लागतेच, यावर आज्यांचं बरोबर आहे. पण टोपी एकच. टोपड्यावर कानटोपी नको. आणि घरात आल्यावर काढायची, झोपवताना तर नक्कीच काढायची, कारण डोकं हीच जास्तीची उष्णता बाहेर टाकायची जागा आहे आणि झोपेत अंग जास्त तापणं हा अचानक बालमृत्यूच्या धोक्यांपैकी एक मानला जातो, शिवाय टोपी सरकून नाकावर येऊ शकते.

आता टोपी का सरकते ते बघा. नव्वद टक्के घरांत मालिशवाली मावशी टाळूवर चपचपीत तेल घालते, तेलावर टोपडं बसणार कसं, ते मागे तरी जातं नाहीतर डोळ्यांवर तरी येतं, आणि तेल पिऊन टोपडं कडक आणि कळकट होतं. बाहेर न्यायच्या दिवशी टाळूवर तेल अगदी थेंबभर, किंवा मालिश संध्याकाळी. कुंचीचं म्हणाल तर मला कुंची फार आवडते, मागे मानेवर आणि पाठीवर छान येते, वारा अडवते. पण हल्ली बारशाला येतात त्या खणाच्या, जरीच्या, लेसवाल्या कुंच्या बाहेर फिरायला अजिबात नकोत, जर मानेला घासते आणि आतलं अस्तर बहुतेक सिंथेटिक असतं. जुन्या सुती लुगड्याची शिवलेली असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. नाडी हनुवटीखाली सैल, गाठ बाजूला, लांब टोकं कापून टाका. आणि बाळ झोपलं की नाडी सोडायची. गळ्यात काही लटकणारं नको, तीट लावा हवी तर, पण काळा दोरा आणि पदक स्वेटरच्या आत गुंतून बसतं.

हातमोजे

हातमोज्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, मी शक्यतो घालत नाही. स्वेटरची बाही अर्धा इंच लांब घ्या आणि पंजा आत ओढून घ्या, पुरतं. घालायचेच असतील तर दर वेळी उलटे करून आतली शिवण बघा. स्वस्तातल्या मोज्यांना आत सुटे धागे असतात, बाळ बोटं हलवतं, एखादा धागा बोटाला वेटोळं घालतो आणि ओढला जातो, बोट सुजतं, लाल-जांभळं पडतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पायाच्या बोटांनाही हेच होतं, आणि धागाच नाही तर बाळंतपणानंतर आईचे जे केस गळतात ना, तो केससुद्धा. त्यामुळे बाळ कशानेच गप्प होत नसेल, कपडे कमी करून झाले, दूध पाजून झालं, लंगोट बदलून झाला, तर सगळे मोजे काढून वीसही बोटं एकेक करून बघा. धागा रुतला असेल आणि सहज निघत नसेल तर ओढाताण न करता डॉक्टरकडे.

ओल

खरोखर गार पडणाऱ्या बाळांत बऱ्याचदा कपडे कमी नसतात, काहीतरी ओलं असतं. आंघोळ घालून, अजून डोक्याची मुळं दमट असताना लगेच बाहेर नेणं हे सर्रास चालतं, कारण आपल्याकडे मालिश-आंघोळ-ऊन असा क्रमच ठरलेला आहे. ओल सुकताना अंगातली उष्णता घेऊन जाते. आंघोळीनंतर डोकं नीट कोरडं करा, दूध पाजा, झोपू द्या, आणि मग उठल्यावर न्या. लंगोट किंवा डायपर निघायच्या आधी बदला. सुती लंगोट भिजला की पायजमा भिजतो, पायजमा भिजला की दुपटं, आणि वाऱ्यावर ते लगेच गार. दूध ओकून कॉलर ओली झाली असेल तर तेही. पिशवीत एक झबलं, एक लंगोट आणि एक कोरडं दुपटं ठेवा, इतर काही नाही ठेवलंत तरी चालेल.

ट्रंकेतले कपडे

थोडं विषयांतर, पण हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. थंडी सुरू झाली की माळ्यावरून ट्रंक उतरते, त्यात मोठ्या भावंडाचे स्वेटर, दुपटी, आजीची शाल, आणि त्यात डांबर गोळ्या. डांबर गोळ्यांचा वास असलेले कपडे नवजात बाळाला घालू नका. काही बाळांना जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, जी-सिक्स-पीडी म्हणतात डॉक्टर, अशा बाळांत नॅफ्थलीनमुळे लाल पेशी फुटतात आणि कावीळ एकदम वाढू शकते, आणि आपल्या बाळात ती कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांना टेस्ट केल्याशिवाय माहीतच नसतं. धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, वास पूर्ण गेला तरच वापरा, आणि पुढच्या वर्षीसाठी ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. नवीन स्वेटर असेल तरी एकदा धुऊनच.

कशातून नेताय

हातात किंवा पाळण्याच्या दुपट्यात गुंडाळून नेत असाल तर वरचा भाग घट्ट चालेल पण पाय सैल ठेवा. पाय सरळ ताणून काकडीसारखे बांधायची जी पद्धत आहे ती खुब्याच्या सांध्याला वाईट, गुडघे वाकलेले आणि फाकलेले राहायला हवेत. बाळाचं तोंड दिसलंच पाहिजे, दुपट्याचा पदर तोंडावर ओढून घेऊ नका, वारा अडवायचा असेल तर स्वतः वाऱ्याकडे पाठ करा.

कॅरिअरमध्ये असेल तर जाड स्वेटर आत नको. आत सुती कपडे, डोक्यावर टोपी, पायात लांब मोजे कारण तिथे पाय बाहेर लटकतात आणि पायजमा वर चढून पोटऱ्या उघड्या पडतात, आणि मग तुम्ही दोघांवर मिळून एक शाल किंवा मोठं जॅकेट घ्या. हनुवटी छातीला टेकता कामा नये, दोन बोटं मावतील एवढी जागा हवी, नाहीतर मान वाकून श्वासाची वाट बंद होते.

प्रॅममध्ये गादी पातळ रेक्झिनची असेल तर खालूनही गार लागतं, त्यावर एक छोटी गोधडी घाला. पण प्रॅमच्या टपावरून संपूर्ण चादर सोडायची ही जी पद्धत निघाली आहे, "धूळ नको, थंडी नको" म्हणून, ती बंद करा. आत हवा खेळत नाही, उन्हात आतलं टेम्परेचर भराभर चढतं आणि बाळ दिसतही नाही.

रिक्षात बाळ मधल्या बाजूला, पडदा एका बाजूचा लावा, दोन्ही नको. गाडीत कार सीट असेल तर जाड जॅकेट किंवा गुबगुबीत सूट घालून पट्टे लावू नका, धक्का बसला की तो फुगीरपणा दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टा घट्ट लावून वरून दुपटं टाका, आणि गाडी तापली की दुपटं काढा. मामेबहिणीचा गोंधळ नेमका हाच होता, बाहेर ४ अंश म्हणून बाळाला पॅडेड सूट आणि मग गाडीत हीटर, बसमध्ये हीटर, दुकानात हीटर, म्हणजे बाळ पाच मिनिटं थंडीत आणि तासभर भट्टीत. तिकडच्या घरांत आत-बाहेर जेवढा फरक तेवढा आपल्याकडे सकाळ-दुपारचा, उपाय तोच, काढता येतील असे थर. आणि स्कूटर, नको. पुढे आई, मांडीत बाळ, पदराआड, हे आपल्या गावागावात दिसतं, पण त्या वाऱ्यात कुठलाही कपडा पुरत नाही आणि कपड्यांचा प्रश्न तर त्यात सगळ्यात लहान आहे.

किती वाजता

सहा-सातची शुद्ध हवा वगैरे जे म्हणतात ते शहरात हिवाळ्यात खरं नाही. थंड हवा जमिनीलगत बसते आणि त्यात शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा, गाड्यांचा धूर अडकून राहतो. ऊन वर आलं की तो विरतो. म्हणून नऊ ते साडेदहा, पंधरा मिनिटं पुरे, पहिल्या महिन्यात तर बाल्कनी किंवा गच्चीसुद्धा चालते. आणि उन्हासाठी म्हणून उघडं ठेवायचा आटापिटा नको. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाला डॉक्टर रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब देतात ते चालू ठेवा, कोवळ्या उन्हावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, आणि बंद काचेतून आलेल्या उन्हातून तर ते जवळजवळ मिळतच नाही. कावीळ उतरवायला ऊन हा उपाय नव्हे. डोळे-अंग पिवळं वाढत चाललं असेल, तळहात-तळपायापर्यंत गेलं असेल, तर बाळाला घेऊन गच्चीवर नाही, डॉक्टरकडे जायचं.

सासूबाई ऐकत नाहीत

हा खरा तिढा. "आम्ही नाही का वाढवली पोरं" हे वाक्य आलं की वाद घालून उपयोग नसतो. त्यांचंही चूक नाही, त्यांच्या काळी घरं कौलारू, न्हाणीघर बाहेर, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, त्या हिशोबाने ते बरोबरच होतं. मी काय करते, त्यांचाच हात धरते आणि मानेमागे लावायला देते. आई, तुम्हीच बघा, ओलं लागतंय का? एकदा त्यांच्या बोटांना ओल लागली की पुढचं सांगावं लागत नाही, आमच्याकडे तर आता त्याच शेजारणींना सांगतात. दुसरं, त्यांना "स्वेटर नको" म्हणू नका, "स्वेटर पिशवीत घेते, लागला तर घालते" म्हणा. आणि सर्दी थंड हवेने नाही, शिंकणाऱ्या माणसांमुळे होते, त्यामुळे टोपीवर टोपी घालण्यापेक्षा खोकणाऱ्या पाहुण्यांच्या हातात बाळ न देणं हे जास्त कामाचं. तेवढी एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा, वाईटपणा आला तरी.

हे घरी सोडवायचं नाही

दिवस भरायच्या आत झालेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर वरचे हिशोब लावू नका. त्यांच्याकडे ती ऊब देणारी चरबी कमी असते, ती खरंच लवकर गार पडतात, बाहेर कधी न्यायचं ते डॉक्टरांना विचारा आणि तोपर्यंत छातीशी उघड्या अंगाने धरणं, कांगारू केअर, हीच त्यांची सगळ्यात चांगली ऊब.

घरात एक डिजिटल थर्मामीटर असू द्या. काखेतलं ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट हे ठीक. त्यापेक्षा कमी आलं तर कपडे कोरडे आहेत ना ते बघा, उघड्या छातीवर घेऊन वरून पांघरूण घ्या, टोपी घाला, दूध पाजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, चढत नसेल तर दवाखाना. पोट गार, बाळ मलूल, रडण्यात जोर नाही, दूध ओढत नाही, असं असेल तर अर्धा तासही थांबू नका. गार पडलेलं बाळ आधी चिडतं आणि नंतर शांत होतं, ती शांतता चांगली नसते. उलट ९९.५ च्या वर असेल तर जास्तीचे कपडे काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा, कपड्यांमुळे असेल तर उतरतं. उतरलं नाही तर डॉक्टरांना फोन. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पॉइंट ४ किंवा जास्त म्हणजे लगेच दाखवायचं, रात्र असली तरी, आणि मनाने पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.

दीड महिन्याच्या लसीला नेताना

बऱ्याच बाळांची पहिली मोठी फेरी हीच असते आणि कपड्यांचा सगळ्यात जास्त गोंधळही इथेच. बाहेर गार, आत वेटिंगमध्ये गर्दी आणि दारं बंद, नंबर यायला तास. आत शिरल्या शिरल्या टोपी आणि दुपटं काढा, निघताना पुन्हा घाला. इंजेक्शन मांडीत देतात, सरकारी केंद्रात पोलिओचं दंडातही, त्यामुळे एका अंगाचा बंद रोम्पर नको, झबलं आणि वेगळा पायजमा घाला, म्हणजे रडणाऱ्या बाळाला सिस्टरसमोर पूर्ण उघडं करावं लागत नाही. परत आल्यावर अंग थोडं कोमट लागलं की लगेच गोधडी चढते, ती चढवू नका, तापात गुंडाळलं तर ताप अजून वाढतो. सुती झबलं, एक पातळ पांघरूण, सारखं सारखं दूध. आणि लसीनंतर ताप आला तर पॅरासिटामॉलचे थेंब द्यायचे का आणि किती, हे बाळाच्या वजनाप्रमाणे ठरतं, ते मनाने न ठरवता लसीला गेलात तेव्हाच तिथे विचारून फाइलवर लिहून घ्या.